खिंडसी तलावावर पॅडल बोट: लहान लेकरं घेऊन बसावं का?

वर्षा, मानेवाडा:
येत्या रविवारी रामटेकला दर्शन घेऊन खिंडसीला जाऊन राहिलो. पुण्याहून नणंद आली आहे, तिची लेकरं ८ आणि ४ वर्षांची. त्यांना पॅडल बोटच पाहिजे. पण मागे एका तलावावर आमची बोट वाऱ्याने सरकत सरकत जलपर्णीत गेली. मी अन् हे, दोघंही जीव खाऊन पाय मारत होतो, बोट जागची हलेना. तेव्हापासून धडकी भरते. नाही म्हणू का?

धरमपेठकर:
मोटरबोटीत बसवा. चालवणारा सोबत असतो.

काठावरचा:
नाही म्हणू नका, ताई. मी बरीच वर्षं कयाक चालवतो. त्या दिवशी तुमचे पाय कमी पडले नाहीत. पॅडल बोटीचं बूड सपाट असतं अन् वरचं छत वारा धरतं, म्हणून ती आडवी वाहत जाते. बसण्याआधी दोन मिनिटं काठावर उभं राहून लाटा कुठून येतात ते पाहा. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे पाय थकल्यावर वाराच धक्क्याकडे आणेल. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. अन् सकाळीच जा, ऊन चढलं की वारा उठतो.

जलपर्णीत शिरलातच तर पुढे पॅडल मारू नका, मुळं चाकाला आणखी गुंडाळतात. उलटे मारा. हाताने ओढायला सगळे एका बाजूला वाकू नका.

जॅकेट मात्र स्वतः तपासा. बकलं लावून झाली की खांद्याच्या पट्ट्या धरून लेकराला वर उचला. माझ्या भाच्याचं जॅकेट असं धरलं तर कानापर्यंत वर आलं, आत त्याची हनुवटी गडप! पाण्यात ते डोक्यावरून निघून गेलं असतं. धाकट्याला पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच पाहिजे. मापाचं नसेल तर तो धक्क्यावर थांबेल, कितीही रडला तरी.

वर्षा, मानेवाडा:
सासूबाईही हट्ट धरून बसल्या आहेत. गुडघे दुखतात त्यांचे.

काठावरचा:
आधी धक्क्याच्या कडेला बसवा. एकाने बोट घट्ट धरायची, मग त्यांनी मधोमध पाऊल टाकून लगेच बसायचं. उभं राहून साडी सावरू देऊ नका.

वर्षा, मानेवाडा:
नणंदेला वाचून दाखवलं. धाकट्याचं जॅकेट नागपुरातूनच घेऊन निघतो, शनिवारी बाजारात त्यालाच उचलून पाहते.