शब्द हवा : 'मार्सुपियल लायन'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक : ऑस्ट्रेलियातल्या थायलाकोलिओ कार्निफेक्सवर, म्हणजे 'मार्सुपियल लायन' या नामशेष शिकारी प्राण्यावर लेख करतेय. मार्सुपियल म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारे प्राणी, मराठीत शिशुधानी. 'शिशुधानी सिंह' लिहिलं, तर संपादक म्हणतात, तो सिंह नव्हताच. मग काय लिहू?

कोशवाला : संपादकांना विचारा, पाणघोडा कुठे घोडा असतो? उदमांजर कुठे मांजर? आपल्या कोकणातलं खवले मांजर तर मुंग्या खातं! मराठीत प्राण्यांची नावं नात्यावरून कमी, रूपावरून जास्त पडतात. 'शिशुधानी' चांगला शब्द आहे. यातली धानी 'राजधानी'तलीच, म्हणजे ठेवण्याची जागा. बिनधास्त लिहा. नाहीतरी मूळ नावाचा अर्थ 'पिशवीवाला सिंह, खाटीक' असाच काहीसा होतो. १८५९मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं वर्णन केलं तेव्हा त्याला हा भयंकर शिकारी वाटला होता. पुढे काहींनी त्याला शाकाहारी ठरवलं, कारण नातेवाईक कोआला आणि वॉम्बॅट, दोघेही पाला-गवत खाणारे! पण दाढांजवळचे दात कात्रीच्या पात्यांसारखे, आणि सुळ्यांचं काम पुढचे पटाशीचे दात करायचे. वजन शंभर किलोच्या वर. गवत खायला एवढं कशाला लागतं?

अनुवादक : पटलं. दुसरी अडचण : २००२मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर मैदानाखालच्या गुहांत याचे जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले. वरच्या भोकातून आत पडलेले प्राणी, हाडं कोरड्या जमिनीवर तशीच. त्यांचा दगड झालाच नव्हता. तरी 'जीवाश्म'च?

कोशवाला : हो. 'अश्म' शब्दात अडकू नका. 'फॉसिल' या इंग्रजी शब्दामागच्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही 'खणून काढलेलं' एवढाच, दगडाचा त्यात पत्ता नाही. फार तर पहिल्यांदा 'जीवाश्म झालेली हाडं' न लिहिता 'जुनी हाडं' लिहा.

वाचक : लेखात थायलाकोस्मिलसही येणार असेल तर जपून. अर्जेंटिनातला तो खंजीरदाती प्राणी; १९३३मध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिग्जनं नाव दिलं. त्याला सर्रास 'मार्सुपियल' म्हणतात, पण तो स्पारासोडाँट, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नामशेष मांसाहारी प्राण्यांच्या वेगळ्या गटातला. शिशुधानींचा जवळचा नातेवाईक, त्यांच्यातला नव्हे. तिथे 'शिशुधानी' चालणार नाही.

कोशवाला : बरोबर. तिथे रूपावरून नाव द्यायची आपली सवय आवरायला हवी. मी नुसतं 'थायलाकोस्मिलस' ठेवेन आणि 'खंजीरदाती' विशेषण म्हणून वापरेन.

अनुवादक : आणि टास्मानियाचा वाघ?

कोशवाला : तो शिशुधानीच; पट्ट्यांमुळे वाघ, अंगानं कुत्र्यासारखा. १९३६मध्ये टास्मानियातल्या होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात प्राणी मेला. त्यालाही 'नामशेष'च म्हणा.