मदत हवी आहे: फीड पंपाच्या डिस्चार्जला कोणता चेक व्हॉल्व्ह घ्यावा?

नमस्कार मंडळी. दोन बॉयलर फीड पंप एकाच हेडरवर (सामायिक मुख्य पाइपवर) समांतर चालतात. लाइन ८ इंची, डिस्चार्जला (पाणी बाहेर पडणाऱ्या बाजूला) स्विंग चेक, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा, बिजागरीवर झुलणाऱ्या डिस्कचा व्हॉल्व्ह. एक पंप ट्रिप झाला (अचानक बंद पडला) की दुसऱ्याच्या दाबाने पाणी लगेच उलटं फिरतं, डिस्क उशिरा मिटते आणि असा दणका बसतो की पाइपचे सपोर्ट हलतात. शटडाऊनमध्ये व्हॉल्व्ह उघडला, तर हिंज पिन एका बाजूने चांगलीच घासलेली आणि सीटवर ठोक्यांचे वळ. कमी लोडवर प्रवाह डिस्क पूर्ण उघडी धरायला पुरत नाही, ती सतत फडफडते. पिन त्यानेच खाल्ली असणार. त्यात एल्बो (पाइपचं वळण) अगदी लागून आहे, व्हॉल्व्हच्या आधी व्यासाच्या ५ पट लांबीचा सरळ पाइप द्यायला जागाच नाही.

ड्युअल प्लेट (दोन अर्ध्या पाकळ्यांचा) की स्प्रिंगचा नोझल टाइप (डिस्क प्रवाहाच्या रेषेत पुढे-मागे सरकणारा)? माझा कल नोझलकडे आहे, कारण स्ट्रोक छोटा असल्याने तो प्रवाह उलटायच्या आतच जवळपास मिटतो. लाइनचा साइज न धरता किमान प्रवाहावरून लहान साइज कुणी बसवलाय का? प्रेशर ड्रॉप किती वाढला? आणि स्प्रिंग निवडताना उत्पादकाला नेमका कोणता डेटा द्यावा? पंप थांबल्यावर प्रवाह किती झपाट्याने उतरतो, हे कसं काढता तेही सांगा.