मदत हवी आहे: मालिकांच्या शीर्षकगीतांचा मूळ आवाजांतील संग्रह

सप्रेम नमस्कार. अल्फा मराठी वाहिनीच्या (आताची झी मराठी) काळातील मालिकांची शीर्षकगीते एकत्र असलेली सीडी मी शोधत आहे. १९९९ साली सुरू झालेली ‘आभाळमाया’ आणि त्यानंतरची ‘वादळवाट’ यांची, मंगेश कुलकर्णी यांनी लिहिलेली आणि अशोक पत्की यांनी संगीत दिलेली, दोन्ही गीते तिच्यात असावीत, एवढी किमान अपेक्षा आहे.

जुन्या बाजारात मिळालेल्या एका संग्रहाच्या वेष्टनावर केवळ मालिकांची नावे छापली आहेत, गायकांचा उल्लेख कोठेही नाही. ऐकायला घेतल्यावर मात्र ‘आभाळमाया’चा आवाज देवकी पंडित यांचा नाही, हे पहिल्याच ओळीत कळते आणि वाद्यमेळही सगळा कीबोर्डवर उरकलेला आहे. (अशा नकला विकणाऱ्यांनी निदान तसे छापावे तरी!)

मूळ ध्वनिमुद्रणांचा, आणि श्रेयनामावलीपुरते कापलेले तुकडे नव्हे तर पूर्ण अंतरे असलेला, असा एखादा संग्रह कोणाच्या पाहण्यात आहे का? कॅसेट असली तरी चालेल, कारण ती डिजिटल करून घेण्याची सोय माझ्याकडे आहे. वेष्टनाच्या मागील बाजूचे, गायक आणि प्रकाशकाची नावे वाचता येतील असे छायाचित्र कोणी दिल्यास खरेदीपूर्वी खात्री करून घेता येईल.