शब्दचर्चा : ‘अनफोर्स्ड एरर’, ‘बिनतोड’ आणि ‘तोड’

आडवा फटका :
टेनिसच्या बातम्यांत ‘अनफोर्स्ड एरर’ला कुठे ‘टाळता येण्याजोग्या चुका’ म्हणतात, कुठे ‘अनाठायी’, कुठे ‘नाहक’. यातला नेमका शब्द कोणता? ‘फोर्स्ड एरर’ला जोडीचा शब्द आहे का? टीव्हीवरचे समालोचक आकडा वाचून मोकळे होतात, अर्थ कुणी सांगत नाही.

खडूची रेघ :
आधी संज्ञा. चेंडू जाळीत गेला की रेषेबाहेर, यावरून काहीच ठरत नाही. नोंद करणारा साधारण तीन गोष्टी बघतो : पाय रोवायला वेळ होता का, चेंडू गुडघा ते खांदा या सोयीच्या उंचीत आला होता का, आणि तोल सावरलेला होता का. तिन्ही अनुकूल असूनही फटका चुकला तर अनफोर्स्ड. समोरच्याच्या फटक्यामुळे यातलं एखादं हिरावलं गेलं असेल तर फोर्स्ड. डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणं) अनफोर्स्डमध्येच धरतात, कारण तिथे समोरच्याने अजून काही केलेलंच नसतं. पहिल्या सर्व्हिसवर परतीचा फटका चुकला तर सहसा फोर्स्ड, दुसऱ्या संथ सर्व्हिसवर चुकला तर बहुधा अनफोर्स्ड. हे ‘सहसा’ आणि ‘बहुधा’ विसरू नका. शेवटी तो माणसाचा निवाडा असतो, म्हणून एका स्पर्धेतला आकडा दुसऱ्या स्पर्धेतल्या आकड्याशेजारी मांडताना जपून.

आता शब्द. ‘टाळता येण्याजोगी’ अर्थाने बरोबर, पण लांबलचक. ‘अनाठायी’ म्हणजे जागा चुकलेलं : अनाठायी खर्च, अनाठायी भीती. चूक अनाठायी म्हटली की योग्य ठिकाणी केलेलीही चूक असते असं होऊन बसतं. ‘नाहक’ सुटसुटीत आहे, पण नाहक बळी जातो, नाहक त्रास होतो; सोसणारा निर्दोष असतो. इथे तर दोष त्याचाच.

लोलक :
मराठीत तयार जोडी आहे की. संकट ओढवतं, आणि काही जण ते ओढवून घेतात. फोर्स्ड ती ‘ओढवलेली चूक’, अनफोर्स्ड ती ‘ओढवून घेतलेली चूक’.

खडूची रेघ :
छापायला झकास. बोलताना मात्र दोन्ही एका वाक्यात आल्या तर ऐकणाऱ्याची फसगत व्हायची. समालोचनासाठी ‘लादलेली’ आणि ‘पदरची’ कशी वाटते? पदरचे पैसे घालतो, पदरची चार वाक्यं घुसडतो, तशी पदरची चूक.

आडवा फटका :
‘पदरची’ आवडली. पण मग ज्याच्या पदरच्या चुका जास्त तो हरतो, हे समालोचकांचं गणित तरी खरं का?

हिरवळ ८ मिलिमीटर :
कधी खरं, कधी साफ खोटं. २०२० ची फ्रेंच ओपन अंतिम लढत घ्या : नदाल ६-०, ६-२, ७-५. त्याच्या अशा चुका १४, जोकोविचच्या ५२. इथे आकडाच बोलतो. आता २०१९ ची विम्बल्डन अंतिम लढत. फेडररचे विजयी फटके ९४, पदरच्या चुका ६२. जोकोविचचे ५४ आणि ५२. एकूण गुण फेडररचे २१८, जोकोविचचे २०४. तरी जिंकला जोकोविच. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असे दोन चॅम्पियनशिप पॉइंट (जिंकले तर विजेतेपदच, असे गुण) फेडररच्या हातून गेले, आणि तिन्ही टायब्रेकर (बरोबरीतल्या सेटचा निकाल लावणारे जादा गेम) जोकोविचने ७-५, ७-४, ७-३ असे घेतले. त्या टायब्रेकरमध्ये त्याच्या नावावर पदरची चूक एकही नाही. म्हणजे चुका किती, यापेक्षा कुठल्या गुणावर झाल्या ते महत्त्वाचं.

शिवाय खेळण्याची शैली बघायला हवी. रेषेला चिकटून फटके मारणाऱ्याच्या चुका वाढणारच, तो धोका पत्करूनच विजयी फटके मिळवतो. ४० चुकांसोबत ५० विजयी फटके असतील तर ती चैन नाही, तो धंद्याचा खर्च. समालोचकाने दोन्ही आकडे एकत्र सांगितले नाहीत तर ते न सांगितलेले बरे.

लोलक :
सर्व्हिसवरच थेट गुण मिळतो त्या ‘एस’ला ‘बिनतोड सर्व्हिस’ म्हणतात, ते मात्र फार चांगलं जमलंय. तोड म्हणजे उतारा, उपाय. ज्याला उत्तर नाही ते बिनतोड, जसा बिनतोड युक्तिवाद.

खडूची रेघ :
एक पाचर मारतो. एस होण्यासाठी परतवणाऱ्याच्या रॅकेटचा स्पर्शही व्हायला नको. रॅकेट निसटती लागली आणि चेंडू प्रेक्षकांत गेला तर गुण मिळतो, पण एस धरत नाहीत. २०१० च्या विम्बल्डनमधल्या विक्रमी लांबीच्या लढतीत इस्नरच्या नावावर ११३ आणि माहूच्या नावावर १०३ एस लागल्या, त्या सगळ्या अस्पर्श. शब्दशः पाहिलं तर निसटती लागलेली सर्व्हिसही बिनतोडच की! म्हणून आकडेवारीत ‘एस’च लिहावं, वर्णनात ‘बिनतोड’ खुशाल वापरावं.

आडवा फटका :
समोरच्याचा हल्ला त्याच्यावरच उलटवणाऱ्या ‘काउंटरपंचर’चं काय? ‘बचावात्मक खेळाडू’ पटत नाही. ‘चिवट’ म्हणतात, पण तो स्वभाव झाला, शैली नव्हे.

लोलक :
तालमीत चला. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते. समोरच्याने डाव टाकला की त्याच्याच जोरावर त्याला उलटवायचं. टेनिसमध्ये ह्युइट किंवा मरे हेच करायचे : जाळीपाशी पुढे आलेल्याला बाजूने पासिंग शॉट, नाहीतर डोक्यावरून उंच लॉब. म्हणून ‘तोडीचा खेळ’. नुसता चेंडू परतवत राहून समोरच्याच्या चुकीची वाट बघणारा तो ‘पुशर’. तो तोड काढत नाही, ताटकळत ठेवतो. (कुणी ‘गनिमी कावा’ सुचवण्याआधी सांगतो : गनिमी काव्यात शत्रूला कुठे गाठायचं ते आपण ठरवतो. इथे चेंडू कुठे येणार ते समोरचा ठरवतो.)

हिरवळ ८ मिलिमीटर :
‘तोडीचा’ ऐकला की ‘बरोबरीचा’ असा अर्थ आधी डोक्यात येतो, ‘त्याच्या तोडीचा कुणी नाही’ म्हणतो तसा. ‘तोड काढणारा’ म्हणा, घोटाळा मिटेल.

आणि तोड कशी निघते हे सांगणं हेच तर समालोचकाचं काम. नदालचा डावखुरा, प्रचंड टॉपस्पिनचा (पुढच्या दिशेच्या फिरकीचा) फोरहँड फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याच्या वर उसळायचा. त्या उंचीवर एका हाताने जोर लागत नाही, परतीचा चेंडू आखूड पडतो, आणि पुढच्या फटक्याला नदालला अर्धं कोर्ट मोकळं मिळतं. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम लढतीत फेडरर बेसलाइनला (कोर्टाच्या मागच्या रेषेला) चिकटून उभा राहिला आणि चेंडू खांद्यापर्यंत चढण्याआधीच, उसळी घेत असतानाच सपाट मारत गेला. रॅकेटचं तोंडही तोवर ९० चौरस इंचांवरून ९७ वर गेलं होतं, त्यामुळे चेंडू कडेला लागून उडण्याचं प्रमाण घटतं. पाचव्या सेटमध्ये १-३ पिछाडीवरून सलग पाच गेम. ‘फेडररचा बॅकहँड आज भन्नाट चाललाय’ एवढं म्हणणाऱ्याने प्रेक्षकाला काहीच सांगितलं नाही; पाय कुठे आहेत ते बघा म्हणणाऱ्याने सगळं सांगितलं.

आडवा फटका :
जाता जाता : ‘तिसरी सर्व्हिस भेदली’ म्हणजे तिसरा फटका की तिसरा गेम?

खडूची रेघ :
ज्याची सर्व्हिस, त्याचा सर्व्हिसचा तिसरा गेम समोरच्याने जिंकला. ‘सर्व्हिस’ हा शब्द आपण फटक्यालाही वापरतो आणि गेमलाही, म्हणून हा घोळ. ‘सर्व्हिस गेम भेदला’ लिहावं. आणि ‘मानांकन’ (त्या स्पर्धेपुरता दिलेला क्रम) म्हणजे ‘क्रमवारी’ (जागतिक यादीतलं स्थान) नव्हे, हेही बातम्या लिहिणाऱ्यांना सांगा. २०१९ च्या विम्बल्डनला नदाल क्रमवारीत दुसरा होता, मानांकन मात्र तिसरं. दुसरं मानांकन फेडररला, कारण तेव्हा तिथे पुरुषांच्या मानांकनात गवतावरच्या कामगिरीचं वजन धरत.