वजन उतरवायला अंडी-मासे-दूध सोडावंच लागतं का? (सोसायटी ग्रुपवरचं बोलणं)

बी-४०२: नमस्कार सगळ्यांना, पाण्याच्या टाकीचा विषय संपला असेल तर एक विचारू का. मला १४ किलो कमी करायचेत, बाळंतपणानंतर वाढलेत. जिममधला ट्रेनर म्हणतो पूर्ण प्लांट बेस्ड व्हायचं, अंडी मासे चिकन दूध दही सगळं बंद, नाहीतर वजन हलणारच नाही. तीन आठवडे केलं, पहिल्या आठवड्यात दीड किलो गेलं आणि नंतर काटा तिथल्या तिथेच, वर दुपारी चार वाजले की अशी भूक लागते की हात थरथरतात. खरंच हे केल्याशिवाय होत नाही का?

ए-१०१: माझं तरी त्यानेच झालं गं. वर्षात ११ किलो. मी दीड वर्ष झालं व्हीगन आहे, दूधसुद्धा नाही, आणि पोट भरून खाते. धीर सोडू नकोस, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो.

सी-३०३: माझा मुलगा उलट चिकन आणि अंडी वाढवून ९ किलो उतरला. आता कोणाचं खरं मानायचं? मलाही डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय म्हणून विचारतोय.

ए-५०३: दोघांचंही खरं आहे काका. मी १२ वर्षं डाएटिशियन म्हणून काम केलंय, हा प्रश्न आठवड्याला चार जण विचारायचे. सविस्तर लिहिते, पण आधी बी-४०२, मला सांग दिवसभरात काय काय खातेस, आणि बाळ अंगावर पितं का?

बी-४०२: हो ताई, सात महिन्यांचं आहे, अजून पितं. सकाळी दोन टोस्ट शेंगदाण्याचं बटर लावून, मग फळ, दुपारी भात आणि भाजी, चारला प्लांट बेस्ड लिहिलेली बिस्किटं आणि मूठ दोन मूठ काजू, रात्री सॅलड, त्यावर ऑलिव्ह ऑइल. कधीकधी रात्री खजूर.

ए-५०३: बघ, यात वनस्पतीजन्य नाही असं काहीच नाही, आणि तरी वजन थांबलं. साखर उसातून येते किंवा बीटमधून, तेल बियांतून येतं, मैदा गव्हातून, बटाट्याचे चिप्स बटाट्यातून. हे सगळं प्लांट बेस्डच झालं ना. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात मग ते लोण्यातलं असो नाहीतर ऑलिव्हमधलं, आणि प्रोटीनमध्ये नि कार्ब्समध्ये, म्हणजे कर्बोदकांत, ४. सॅलडवर एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, मूठभर काजू म्हणजे १७०-१८०, आणि तू दोन मुठी खातेस कारण तुला भूक लागते, आणि भूक लागते कारण दिवसभराच्या यादीत प्रोटीन जवळपास कुठेच नाही, डाळ नाही, राजमा-चवळी नाही, सोया नाही. अंडी आणि दही काढलं पण त्या जागी काहीच ठेवलं नाही. पहिल्या आठवड्यातलं दीड किलो बरंचसं पाणी असतं, खाणं कमी झालं की शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही जातं, म्हणून नंतर काटा थांबल्यासारखा वाटतो. तू काही चुकलीस असं मनात आणू नकोस, तुला अर्धवट सांगितलं गेलंय.

बी-४०२: वाचून रडू आलं ताई. मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

ए-१०१: पण ताई, प्लांट बेस्डवर वजन कमी होतं हे अभ्यासातही आलंय की. न्यूझीलंडमध्ये झाला होता ना एक.

ए-५०३: आलंय, आणि चांगला अभ्यास आहे तो, २०१७ मध्ये छापून आला. ६५ लोक होते, त्यातल्या अर्ध्यांना कॅलरी न मोजता पोटभर पण अख्खं धान्य, कडधान्य, भाज्या, फळं एवढंच खायला सांगितलं, तेल अगदी कमी. सहा महिन्यांत त्यांचं सरासरी १२ किलोच्या आसपास उतरलं आणि वर्षाच्या शेवटी बहुतेक टिकलं होतं. म्हणून तुझे ११ किलो मला मुळीच नवल वाटत नाहीत. पण त्यांनी नुसतं मांस सोडलं नव्हतं, तेल, मैदा, पाकिटातलं खाणंही सोडलं होतं, आणि फायबर किती वाढलं असेल विचार कर. एवढं सगळं एकदम बदलल्यावर श्रेय फक्त अंडी सोडण्याला कसं द्यायचं?

आता दुसरी बाजू सांगते, कारण काकांच्या मुलाचंही खरं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास केला, २०१८ मध्ये आला. एका गटाला लो-फॅट, दुसऱ्याला लो-कार्ब, दोन्हीकडे मांस-मासे चालत होते, दोघांनाही सांगितलं की भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा कमी करा, शक्यतो घरी शिजवा, कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नाही. वर्षाने एका गटाचं ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. पण प्रत्येक गटात काहींचं खूप उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. डाएटचं नाव तेच, माणसं वेगळी.

आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा अभ्यास केविन हॉल यांचा, अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतला, २०२१ चा. २० माणसांना चार आठवडे तिथेच राहायला ठेवलं, दोन आठवडे कमी फॅटचं वनस्पतीजन्य जेवण आणि दोन आठवडे मांस-अंडीवालं किटो, म्हणजे कार्ब्स अगदी कमी आणि फॅट जास्त असलेलं, हवं तेवढं खा म्हणाले. वनस्पतीजन्य जेवणावर लोकांनी आपणहून दिवसाला जवळपास ७०० कॅलरी कमी खाल्ल्या आणि भुकेची तक्रार काही जास्त नव्हती. वजन दोन्हीकडे उतरलं, पण चरबी नीट घटली ती वनस्पतीजन्य बाजूला. उलट जेवणानंतरची रक्तातली साखर मात्र त्याच बाजूला जास्त वर जात होती. म्हणजे एका बाजूला सगळं चांगलं असं नाहीच निघालं.

डी-२०४: मग नेमकं काम कशामुळे होतं ते सांगा ना ताई, एवढे आकडे डोक्यात राहत नाहीत.

ए-५०३: पोट किती भरतं आणि त्यासाठी किती कॅलरी जातात, याच्यावर. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा सारख्याच कॅलरीचा भाग लोकांना दिला आणि दोन तास बघितलं की कोणावर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. सगळ्यात वर काय आलं तर उकडलेला बटाटा! ज्याला सगळे वजन वाढवणारा म्हणतात तोच. त्याच्या खाली मासा. आणि सगळ्यात खाली क्रोसाँ. म्हणजे वरचे दोन बघा, एक जमिनीतला आणि एक पाण्यातला. तोच बटाटा तळून चिप्स केला की १०० ग्रॅमला ८५ च्या आसपासच्या कॅलरी ५०० च्या वर जातात. मी पेशंटना हेच उदाहरण द्यायचे, लगेच कळायचं.

बी-४०२: म्हणजे मी परत अंडी खाऊ शकते?

ए-५०३: तुझी आवड आणि घरातल्यांची रीत असेल तर खुशाल खा. एका अंड्यात ७० च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन. सकाळी दोन खाल्लीस तर चारची भूक किती बदलते ते आठवडाभर बघ. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा ठेव, तो नियम मांस खाणाऱ्यालाही लागू आणि न खाणाऱ्यालाही. काजू मोजून घे, पाकिटातून खाऊ नकोस. त्या बिस्किटांच्या पाकिटावरचं लेबल मागून वाच, पुढून नको.

आणि आता जे सांगते ते वजनापेक्षा महत्त्वाचं आहे. बाळ अंगावर पितंय आणि तू तीन आठवडे प्राणिजन्य काहीच खात नाहीयेस. बी १२ हे जीवनसत्त्व भाज्या, डाळी, धान्य यातून मिळत नाही, आणि आईला कमी पडलं तर दुधातही कमी जातं, बाळाच्या मेंदूची आणि नसांची वाढ त्यावर असते. पुढे व्हीगन राहायचं ठरवलंस तरी बी १२ ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करायचीच. शिवाय दूध तयार करायला दिवसाला ४००-५०० कॅलरी लागतात, त्यामुळे आत्ता फार कमी खाणं बरोबर नाही. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त घाई करू नकोस. ट्रेनरने बाळाचं विचारलं होतं का?

बी-४०२: नाही. वजन आणि उंची एवढंच विचारलं.

ए-१०१: माझी गोळी दीड वर्ष चालू आहे, आधी तपासणी करून घेतली होती. मी तुला सुरुवातीलाच हे सांगायला हवं होतं, माफ कर. आणि ताई, मी प्राण्यांसाठी व्हीगन झाले, वजन नंतर उतरलं. ते मी सोडणार नाही.

ए-५०३: सोडूच नकोस, का सोडायचं, तुझं कारण तुला दीड वर्ष धरून ठेवतंय म्हणून तर ते टिकलं. बी-४०२ ला ते कारण नाहीये, तिला फक्त वजनासाठी सांगितलं होतं आणि वजनासाठी ती सक्ती नाही, एवढंच माझं म्हणणं. तुझी कडधान्यं शिजवायची पद्धत मात्र तिला दे, तिला उपयोग होईल.

ए-१०१: आज रात्री डबाच पाठवते गं, चवळी केलीये.

सी-३०३: ताई, मग मी उद्यापासून भात आणि ब्रेड बंद करून नुसतं चिकन आणि भाज्या असं करू का? मुलाचं त्यानेच झालं.

ए-५०३: काका, तुम्ही इन्सुलिन घेता ना? मग उद्यापासून अजिबात नाही. डोस तोच ठेवून भात-ब्रेड एकदम बंद केलंत तर साखर फार खाली जाऊ शकते, रात्री झोपेत गेली तर घरात कळणारही नाही. तुमचा मुलगा इन्सुलिनवर नव्हता. आधी डॉक्टरांना सांगा की जेवण बदलायचंय, ते डोस ठरवतील, मग हळूहळू.

सी-३०३: बरं झालं विचारलं. सकाळी फोन करतो त्यांना, आणि काय म्हणाले ते इथे टाकतो.