शब्दचर्चा : निःशस्त्रीकरण, शस्त्रनियंत्रण आणि प्रसारबंदी हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

बारावीच्या राज्यशास्त्राचे सराव पेपर तपासत होते. प्रश्न नेहमीचाच : ‘निःशस्त्रीकरणाबाबत भारताची भूमिका स्पष्ट करा.’ एका मुलीने लिहिलं होतं, ‘भारताने एनपीटी व सीटीबीटी या निःशस्त्रीकरण करारांवर सही केली नाही. म्हणजे भारताचा निःशस्त्रीकरणाला विरोध आहे. मात्र भारत निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार करतो.’ तिन्ही वाक्यं एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात. (एनपीटी म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करार, सीटीबीटी म्हणजे सर्वंकष अणुचाचणीबंदी करार.) मधल्या वाक्यावर लाल पेन टेकवलं आणि थांबले. मुलगी अभ्यासू आहे. तिने काही मनचं लिहिलेलं नाही. गाइडमध्ये, वर्तमानपत्रात आणि खरं सांगायचं तर माझ्याच जुन्या नोट्समध्येही हे सगळे करार ‘निःशस्त्रीकरण करार’ याच नावाखाली आहेत. मग चूक तिची कशी म्हणू?

म्हणून हा धागा. आधी माझं म्हणणं मांडते, मग जाणकारांनी सांगावं.

‘निःशस्त्र’ म्हणजे हाती शस्त्र नसलेला. त्याला ‘करण’ जोडताना मधे ‘ई’ येते. संस्कृतात याला च्वि-रचना म्हणतात : जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. शुद्धीकरण अशुद्धाचं होतं, सपाटीकरण उंचसखल जागेचं होतं. तसं निःशस्त्रीकरण सशस्त्राचंच होऊ शकतं. शब्दाच्या पोटातच ही अट बसलेली आहे. ज्याच्याकडे शस्त्र आहे त्याने ते खाली ठेवायचं. ज्याच्याकडे मुळात नाहीच, त्याने ‘मी कधी घेणार नाही’ असं लिहून दिलं तर ती प्रतिज्ञा झाली, निःशस्त्रीकरण नाही.

‘शस्त्रनियंत्रणा’त शस्त्रं राहतात. किती, कुठे, कोणत्या जातीची, यावर मर्यादा येते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातले 1972 पासूनचे क्षेपणास्त्रांविषयीचे करार या घरातले. सीमारेषा मात्र दरवेळी इतकी स्वच्छ नसते. 1987च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या कराराने एक अख्खी जातच मोडीत काढली, दोन्हीकडची मिळून 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट झाली. त्या जातीपुरतं ते निःशस्त्रीकरणच. तो करारही 2019 मध्ये संपुष्टात आला.

‘प्रसारबंदी’ हा तिसराच मामला. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे राहू दे, नव्या हातांत जाऊ नये, हा तिचा मूळ हेतू.

आता एनपीटीचं मराठी नाव बघा : अण्वस्त्रप्रसारबंदी करार. नाव अगदी नेमकं आहे. 1968 मध्ये तो सह्यांसाठी खुला झाला, 1970 मध्ये अमलात आला. 1 जानेवारी 1967 पूर्वी ज्यांनी अण्वस्त्राचा स्फोट केला तेवढेच देश त्याच्या लेखी ‘अण्वस्त्रधारी’. म्हणजे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. बाकी सगळ्यांनी कायमची प्रतिज्ञा करायची. त्या पाचांच्या निःशस्त्रीकरणासाठी सहावं कलम आहे, पण त्यात वाटाघाटी करण्याचं बंधन आहे, तारीख नाही. 1995 मध्ये कराराची मुदत बेमुदत वाढवली गेली. तारीख तेव्हाही आली नाही. भारताने 1968 पासून यावर सही केलेली नाही. ती नाकारली प्रसारबंदीच्या या मसुद्याला. त्याचं मराठीत ‘निःशस्त्रीकरणाला नकार’ होतं तेव्हा मुलीच्या पेपरातलं मधलं वाक्य तयार होतं.

उलट बाजूने पाहा. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. महिनाभरात, 2 एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत सगळ्या चाचण्या आहेत तिथे थांबवाव्यात असा प्रस्ताव मांडला. 1963च्या आंशिक चाचणीबंदी करारावर भारताने लगेच सही केली. 9 जून 1988 रोजी राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्याने 2010 पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाचा आराखडा ठेवला. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर निःशस्त्रीकरण हाच शब्द लागतो, दुसरा नाही.

तीन शब्दांना तीन जागा दिल्या तर त्या मुलीच्या उत्तरातला विरोधाभास बराचसा सुटतो. आपल्याला काय वाटतं?

प्रतिसाद

आधी शुद्धलेखनाचं. ‘निःशस्त्र’मध्ये विसर्ग आहे, कित्येक जण तिथे अपूर्णविरामाची टिंबं टाइप करतात. ‘निश्शस्त्र’ हेही चूक नाही. पाणिनीच्या ‘वा शरि’ सूत्राने विसर्ग ठेवायचा की श करायचा हा विकल्प आहे. मराठीत विसर्गाचं रूप रुळलं. ‘निरस्त्रीकरण’ हे हिंदीतून येतं, ते शस्त्राऐवजी अस्त्रापासून केलेलं. शस्त्र हातात धरून चालवायचं, अस्त्र सोडायचं किंवा फेकायचं, हा जुना भेद धरला तर अणुबॉम्बाला अस्त्रच म्हणायला हवं. म्हणून ‘अण्वस्त्र’ बरोबर आहे, आणि ‘अण्वस्त्र निःशस्त्रीकरण’ म्हणताना आपण एकाच दमात अस्त्र आणि शस्त्र दोन्ही उच्चारतो. मी ‘अण्वस्त्रमुक्ती’ लिहितो. ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

दुसरं, ‘परमाणू करार’ हे मराठीत लिहू नये. मराठी शाळेत आपण अणू आणि रेणू शिकलो. हिंदीत मराठी अणूला परमाणु म्हणतात आणि मराठी रेणूला अणु. भाषांतर करणाऱ्याने हिंदी मजकूर समोर ठेवला की हा घोळ होतो. आणि एकटा ‘अणू’ दीर्घ, समासात ‘अणुचाचणी’, ‘अणुभट्टी’ ऱ्हस्व.

प्रतिसाद

मॅडम, एनपीटीला आपल्याकडे ‘पक्षपाती करार’ म्हणतात, त्याबद्दल लिहितो. पक्षपात माणूस करतो : न्याय देणारा एका बाजूला झुकतो. इथे कोणी झुकलेलं नाही, नियमच दोन आहेत. यासाठी मराठीत बावनकशी शब्द पडून आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसवायचं आणि ठरावीक पानांवर तूप धरायचं, बाकीच्यांना नुसतं वरण. माझी आजी लग्नाकार्यात वाढपी मुलांना ओळीच्या सुरुवातीलाच सांगायची, ‘पंक्तिप्रपंच करू नका रे, जिलबी संपत आली तर सगळ्यांना अर्धी वाढा.’ भारताने इतकी वर्षं जे ‘भेदभावरहित’ म्हणून लावून धरलं ते हेच, की सगळ्यांना अर्धी वाढा.

आणि भारत फक्त बोलला असंही नाही. रासायनिक शस्त्रांचा करार सगळ्यांना एकच नियम लावतो. भारताने 1993 मध्ये त्यावर सही केली, 1997 मध्ये आपल्याकडे साठा असल्याचं स्वतः जाहीर केलं आणि 2009 पर्यंत आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर तो नष्ट केला. मॅडमच्या च्वि-रचनेच्या कसोटीवर हे शंभर नंबरी निःशस्त्रीकरण. होतं ते टाकलं.

प्रतिसाद

‘करार’ या शब्दाकडेही बघा. भाडेपट्टीलाही करार, जगातल्या बॉम्बांनाही करार. जुना शब्द ‘तह’ होता. पुरंदरचा तह, वसईचा तह. तह म्हटलं की आपल्या मनात काहीतरी द्यावं लागल्याची कळ येते. पुरंदरला 1665 मध्ये तेवीस किल्ले गेले. ‘युद्धात जिंकले, तहात हरले’ हे तर अजून रोजच्या बोलण्यात आहे. 1996 मध्ये जिनिव्हाला सर्वंकष अणुचाचणीबंदीच्या, म्हणजे सीटीबीटीच्या, वाटाघाटी चालू होत्या तेव्हा भारताच्या राजदूत अरुंधती घोष ठामपणे उभ्या राहिल्या. या स्वरूपातला मसुदा आम्हाला मान्य नाही, असं त्यांनी सांगितलं. वर त्या मसुद्यात अशी अट होती की ठरावीक 44 देशांनी मान्यता दिल्याशिवाय करार अमलात येणार नाही, आणि त्या यादीत भारत होता. म्हणजे तुम्ही सही केली नाही तर सगळ्यांचं अडलं, हा दोष तुमच्या माथी. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं तेव्हा बाजूने 158 मतं पडली, विरोधात फक्त भारत, भूतान आणि लिबिया. हा प्रसंग ‘करार’ शब्दात मावत नाही. तह म्हटलं की मावतो.

धागाकर्ती

पंक्तिप्रपंच! हा शब्द मी उद्याच फळ्यावर लिहिणार आहे. तहाचं म्हणणं मनाला पटतं, पण परीक्षेत ‘करार’च लिहायला सांगेन. तह लढाईनंतर होतो, इथे लढाई झालेली नाही.

एक अडचण राहिली आहे. ‘डिटरन्स’ला पुस्तकात ‘प्रतिरोध’ दिलाय. मला तो नीट बसत नाही.

प्रतिसाद

बसणार नाहीच. प्रतिरोध अंगावर आलेल्या गोष्टीचा करतात. डिटरन्सचा सगळा अर्थ हा की गोष्ट अंगावर येऊच नये. त्यासाठी धाक, जरब, वचक हे शब्द आहेत. धाक मोठ्याचा लहानावर असतो, दोन तुल्यबळ देशांना तो शोभत नाही. दहशत तर नकोच. ‘वचक’ दोन्हीकडून असू शकतो : शेजाऱ्यांचा एकमेकांवर वचक. म्हणून ‘किमान विश्वासार्ह वचक’. भारताच्या अण्वस्त्र धोरणातला हाच मुख्य शब्दप्रयोग आहे, आणि त्यातला ‘किमान’ फार महत्त्वाचा.

त्याच धोरणात एका विशेषणाने जागा बदलली, तेही सांगतो. ऑगस्ट 1999च्या मसुद्यात भारतावर अण्वस्त्र हल्ला झाला तर प्रत्युत्तर ‘दंडात्मक’ असेल असं होतं. 4 जानेवारी 2003 रोजी सरकारने अधिकृत धोरण जाहीर केलं तेव्हा ते ‘प्रचंड’ झालं. दंडात अपराधाशी प्रमाण असतं, प्रचंडाला प्रमाण नसतं. मराठी बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘सडेतोड उत्तर’ म्हणतात. सडेतोड उत्तर भाषणात देतात. शहरं जाळणाऱ्या गोष्टीला हा शब्द वापरलेला मला सहन होत नाही.

आणि ‘आधी वापर नाही’ हे ‘पहिला हल्ला नाही’पेक्षा वेगळं आहे. पहिला हल्ला म्हणजे समोरच्याची अण्वस्त्रंच निकामी करण्यासाठी केलेला घाव. भारताचं वचन त्याहून मोठं आहे : कुठल्याही कारणाने आपण होऊन वापर करणार नाही. त्या वचनालाही 2003 मध्ये जैविक आणि रासायनिक हल्ल्याचा अपवाद जोडला गेला, हे मुलांना सांगायला हवं.

प्रतिसाद

सगळं वाचलं. भेदभावरहित, पंक्तिप्रपंच हे ठीक. पण 1974 आणि 1998 मध्ये पोखरणला आपणच पान मांडून बसलो ना? 2008 मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारतासाठी खास सूट दिली, म्हणजे एनपीटीवर सही न करताही व्यापार खुला. ते तूप आपल्या पानावर पडलं तेव्हा कोणी ‘पंक्तिप्रपंच’ म्हटलेलं आठवत नाही. आणि 2017 मध्ये अण्वस्त्रं सरसकट बेकायदा ठरवणारा करार झाला, 2021 मध्ये तो अमलात आला. त्यात दोन पंगती नाहीत. सगळ्यांना एकच नियम. भारत त्या वाटाघाटींनाही गेला नाही आणि सहीही केली नाही.

धागाकर्ती

तुमचं म्हणणं खोडून काढणार नाही, कारण ते बरोबर आहे आणि मलाही टोचतं. भारत अधिकृतपणे तीन विशेषणं एकत्र वापरतो : जागतिक, पडताळणीयोग्य, भेदभावरहित. 2017च्या कराराबाबत भारताचं सांगणं असं की बोलणी जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत व्हावीत आणि पडताळणीची व्यवस्था हवी. म्हणजे तिसरी अट पुरी झाली तेव्हा जोर पहिल्या दोन विशेषणांवर गेला. पडताळणीची गरज खरी आहे. पण त्या परिषदेत एकमताशिवाय काहीच पुढे सरकत नाही आणि ती गेली कित्येक वर्षं अडून बसली आहे. 1988चा आराखडा मांडणाऱ्या देशाने नव्या कराराच्या टेबलावर निदान बसायला हवं होतं, आपल्या अटी तिथे मांडायला हव्या होत्या, असं मला वाटतं. 2008च्या सवलतीबद्दलही तुमचाच शब्द वापरते : तो पंक्तिप्रपंचच होता, आपल्या बाजूचा.

‘पडताळणी’बद्दल एक. काही ठिकाणी ‘तपासणी’ लिहितात. तपासणी एकदा होते, डॉक्टरकडे होते. पडताळणीत सांगितलेलं आणि असलेलं यांचा ताळा जुळवतात. तुम्ही इतकी क्षेपणास्त्रं मोडली म्हणता, तेवढीच मोडली का? पडताळणीच ठेवावा.

त्या पेपरचं सांगायचं राहिलं. पहिल्या वाक्यातलं ‘निःशस्त्रीकरण करारांवर’ खोडून वर ‘प्रसारबंदी व चाचणीबंदी करारांवर’ लिहिलं. दुसऱ्या वाक्यातल्या ‘म्हणजे’भोवती गोल केला. समासात लिहिलं, ‘2017च्या करारावरही सही नाही. ती का नाही, हे शोधून आण.’ पाचपैकी साडेतीन दिलेत. सोमवारी ती येईल विचारायला.