मदत हवी आहे: नव्या सरकारी मेडिकल कॉलेजला पसंतीक्रमात वर ठेवावं का?

भाचीचा राज्य कोट्याचा पसंतीक्रम भरायचाय. 2024 मध्ये राज्यात 10 नवी सरकारी महाविद्यालयं सुरू होऊन एमबीबीएसच्या 900 जागा वाढल्या, म्हणून तर तिला आशा आहे. जालना, हिंगोली, वाशीम बघतोय. खासगीची फी झेपणार नाही. बाँडची सेवा, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, ती आनंदाने करेल. मागचे कटऑफ पाहिले, कॉलेजांची संकेतस्थळंही चाळली. पण कागदावरचे प्राध्यापक प्रत्यक्ष वर्गात असतात का, हे तिथून कळत नाही. जिल्हा रुग्णालय जोडलेलं असल्याने रुग्णांची वानवा नसावी, खरी काळजी पहिल्या वर्षाची आहे. तिथे शिकणारं कुणी असेल तर कृपया सांगा: विच्छेदनाला एका देहामागे किती विद्यार्थी असतात? आणि मुलींचं वसतिगृह आवारातच आहे की भाड्याच्या इमारतीत?